चौकटची मेंढी

मृणालिनीला दाखवायचा कार्यक्रम अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत झाला, हे मी माझ्या ताईला अजून सांगितलेलं नाही. ताई म्हणजे मृणालिनीची आई. ती सांगलीला असते आणि आम्ही त्या दिवशी समुद्रावर फिरायला गेलो होतो अशी तिची समजूत आहे. ते काही खोटं नाही. समुद्र होताच, कॅसिनोच्या दारासमोर.

खापर फोडायचं तर आमच्या जगन्नाथरावांवर फोडायला हवं. हे पुलांचे इंजिनियर. न्यू जर्सीतल्या निम्म्या पुलांखाली उभं राहून यांनी मान वर केलेली आहे. माणूस तसा सरळ, पण त्याच्या दोन वर्षं आधी सिगारेट सोडली आणि तिच्या जागी व्हिडिओ पोकर धरलं. मी भूल देणारी डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना शुद्धीवर आणते, पण घरातला एक इसम काही शुद्धीवर येत नाही. एडिसनहून शनिवारी सकाळी कॅसिनोची बस सुटते. बसमध्ये बहुतेक पेन्शनीत निघालेल्या गोऱ्या बायका असतात. उतरताना प्रत्येकाच्या हातात क्वार्टरचा, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांचा, एक रोल आणि जेवणाचं कूपन ठेवतात. जावयासारखा मान मिळतो, असं हे म्हणतात.

खेळ समजायला अवघड नाही. टीव्हीसारखा पडदा असतो. नाणी टाकली की पाच पत्ते दिसतात. हवे ते ठेवायचे, नको ते एकदाच बदलून घ्यायचे. गुलामाची किंवा त्यावरची जोडी जमली तर घातलेलं परत मिळतं, त्याहून मोठं काही जमलं तर जास्त. सगळ्यात वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का. हे सगळे बदाम हवेत किंवा सगळे इस्पिक, मिसळ चालत नाही.

यावर आमच्याकडे रोज जेवताना प्रवचन असे. सगळी यंत्रं बाहेरून सारखीच दिसतात, पण बसायच्या आधी काचेवर छापलेला तक्ता वाचायचा. एका नाण्याला फुल हाउसचे, म्हणजे एक तिकडी आणि एक जोडी जमल्याचे, नऊ आणि फ्लशचे, म्हणजे पाचही पत्ते एका रंगाचे आल्याचे, सहा मिळत असतील तर बसायचं. आठ आणि पाच लिहिलं असेल तर पुढे चालू लागायचं. नऊ-सहाचं यंत्र, न चुकता खेळलं तर, शंभरातले साडेनव्याण्णव परत देतं. आठ-पाचचं सत्त्याण्णवच्या आसपास. मी म्हटलं, म्हणजे दोन्हीकडे बुडायचंच ना. तर हे म्हणाले की हळू बुडण्यात आणि झटकन बुडण्यात फरक आहे, आणि वर बसवाल्यांचा रोल आणि कूपन धरलं तर आपणच किनाऱ्यावर. पुलांच्या माणसाला बुडण्याची उपमा देऊन माझीच चूक झाली.

आता मृणालिनीबद्दल. पोरगी स्टेट कॉलेज नावाच्या गावी मातीवर पीएचडी करत होती. अजून दोन वर्षं बाकी. तीन मुलींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायची, शेतातली माती बरण्यांत भरून आणायची, आणि आमच्याकडे आली की वरण-भातावर तुटून पडायची. तिच्या लग्नाची इकडची बाजू ताईने माझ्यावर सोपवली होती, आणि मी ती चोख पार पाडत आणली होती. ह्यूस्टनचा प्रताप, हृदयाचा डॉक्टर, एकतीस गुण जुळलेले. त्याची आई वसुधाताई इतक्या गोड, की त्यांनी पोस्टाने नारळाच्या वड्या पाठवल्या आणि त्यातली एकही मोडली नव्हती. मंडळी येऊन मुलगी बघून गेली होती, त्यांचा होकार आला होता. आमचा होकार रविवारी संध्याकाळी फोनवरून कळवायचा, एवढंच उरलं होतं. मृणालिनी नाही म्हणत नव्हती. "बघते" म्हणत होती. वसुधाताईंनी मोठ्या मनाने सांगितलं होतं, की लग्नानंतर शिक्षण सोडलं तरी आमची काही हरकत नाही, मातीत कशाला हात घालायचे. मी ते मृणालिनीला कौतुकाने सांगितलं होतं. त्यावरही ती "बघते" म्हणाली होती.

मधे अडकला होता तो हेमचंद्र वझलवार. मूळचा नागपूरचा, नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहणारा, एका औषधांच्या कंपनीत आकडेशास्त्री, म्हणजे स्टॅटिस्टिशियन. हे स्थळ माझ्या मैत्रिणीने, सुलेखाने, खूप आधी सुचवलं होतं आणि भेट ठरून गेली होती. कॅन्सल केली असती तर सुलेखा दुखावली असती. पत्रिका तर नव्हतीच. आई म्हणते दुपारी जन्मला, वडील म्हणतात दिवेलागण झाली होती, त्यामुळे जन्मवेळच नक्की नाही. मी ठरवलं होतं की पोहे खाऊ घालायचे, गोड बोलायचं आणि वाटेला लावायचं.

हेमचंद्र फिलाडेल्फियाला कॉन्फरन्ससाठी येणार होता. भेटीची वेळ ठरवायला त्याने फोन केला तेव्हा मी हॉस्पिटलात होते आणि फोन यांनी घेतला. मुलाला पगार विचारावा, घर भाड्याचं की विकतचं ते विचारावं, ते नाही. अर्ध्या तासाने मी घरात शिरले तेव्हा हे रिसिव्हर कानाशी धरून विचारत होते की हातात गुलामाची जोडी आहे आणि चार पत्त्यांचा फ्लशही होतोय, तर जोडी ठेवावी की फ्लशच्या मागे लागावं. तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण यांचा चेहरा खुलला. "जोडी ठेवायची, तुम्हीपण तेच म्हणताय ना," असं म्हणून यांनी त्याला फिलाडेल्फियाहून थेट अटलांटिक सिटीच्या बसमध्ये बसायला सांगून टाकलं. तिकडून तासाभरावर आहे, एडिसनपर्यंत कशाला यायचं.

मी खूप भांडले. पण मृणालिनी शुक्रवारी आली आणि तिने हे ऐकलं तेव्हा सोफ्यावर लोळून हसली. ती म्हणाली की आत्तापर्यंतच्या सगळ्या मुलांत हा पहिला आहे ज्याला भेटायला जावंसं वाटतंय. दोघं एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार. मी शनिवारी पहाटे उठून कांदेपोहे केले आणि स्टीलच्या डब्यात भरले. कॅसिनोत का होईना, रीत ती रीत.

तो दारातच उभा होता. उंच, किडकिडीत, टाय लावलेला, हातात ब्रीफकेस. आम्हाला बघितल्याबरोबर त्याने ब्रीफकेस खाली ठेवली आणि कॅसिनोच्या लाल गालिच्यावर वाकून आधी यांना, मग मला नमस्कार केला. आमच्या बसमधल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, याचं नाणं पडलं. त्याही बिचाऱ्या वाकून शोधायला लागल्या. एकीने तर सापडलेलं एक क्वार्टर त्याच्या हातावर ठेवलं. हेमचंद्रने ते घेतलं, तिचे आभार मानले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, पहिल्यांदाच नमस्काराचे रोख पैसे मिळाले." मृणालिनी तोंडाला ओढणी लावून हसली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आत डबा उघडू देत नाहीत, म्हणून आधी समोरच्या लाकडी रस्त्यावर बाकांवर बसून पोहे खायचं ठरलं. मी झाकण काढलं मात्र, एक सीगल खाली आला आणि मूठभर पोहे लिंबाच्या फोडीसकट घेऊन गेला. आमच्या सांगलीच्या कावळ्यांना एवढा धीर झाला नसता. मग हेमचंद्र ब्रीफकेस उघडून डब्यावर छपरासारखी धरून उभा राहिला आणि आम्ही तिच्या सावलीत खाल्लं. खाता खाता त्याने मृणालिनीला विचारलं की शेतातल्या मातीचे नमुने घेताना ती जागा कशी निवडते. सोयीच्या जागा निवडल्या तर उत्तरही सोयीचंच येतं, हा त्याचा मुद्दा. मला यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. पण मृणालिनी पोह्यांची बशी खाली ठेवून सांगायलाच लागली. तिच्या मातीबद्दल इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या बशीतले पोहे सीगलने खाल्ले. तिला कळलंही नाही.

मी घड्याळाकडे बघत होते. आता दोघांना थोडं फिरून येऊ द्यायचं, मग टाटा करायचं आणि उद्या ह्यूस्टन. पण जगन्नाथरावांना आकडेशास्त्री हाती लागला होता, ते त्याला कसले सोडतात.

आत गेल्यावर हे पुढे आणि आम्ही मागे. ओळीच्या ओळी यंत्रं, आणि हे प्रत्येक काचेसमोर वाकून बघणार, मान हलवणार, पुढे जाणार. आठ-पाच, आठ-पाच, आठ-पाच. लग्नाच्या मुली बघत फिरणारे मुलाचे मामा असतात ना, तसे दिसत होते. शेवटी एका कोपऱ्यात, खांबाच्या आड, नऊ-सहाची यंत्रं सापडली. यांनी मृणालिनीला एकावर बसवलं, तिच्या पुढ्यात नाण्यांचा पेला ठेवला आणि दोन नियम सांगितले. एक, दर वेळी पाचही नाणी घालायची, कारण पाच घातली तरच रॉयलला भरघोस मिळतं. दोन, गुलामाच्या खालचा सुटा पत्ता कधी ठेवायचा नाही.

पहिला नियम तिने पाळला. दुसऱ्याचं काय झालं ते सांगते.

आम्ही सांगलीकडचे मेंढीकोटवाले. मेंढीकोट म्हणजे ज्या खेळात दश्शीला भाव, राजा-राणीला कोणी विचारत नाही. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडल्या की कोट झाला. आमच्या माहेरी जेवणं झाली की दुपारभर हाच खेळ चालायचा, आणि हातातून मेंढी सोडणाऱ्याला संध्याकाळपर्यंत बोलणी खावी लागायची. हे संस्कार ताईने मृणालिनीला दिलेले. तेव्हा पडद्यावर दश्शी आली रे आली, की हिचं बोट त्या पत्त्याखालच्या बटणावर. हातात राणी असली तरी आधी दश्शी ठेवणार. दोन दश्श्या आल्या तेव्हा तर तिने टाळीच वाजवली. तिसरी काही आली नाही आणि यंत्राने दमडी दिली नाही. मी शेजारच्या यंत्रावर बसले होते. मीही तेच करत होते, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

हेमचंद्र तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिचे डाव बघत होता. मग त्याने खाली वाकून विचारलं, "तुम्ही मेंढीकोट खेळून राहिल्या का?"

मृणालिनी लाल झाली. तो म्हणाला की नागपुरातही तेच खेळतात आणि दश्शी टाकताना त्याचाही हात जड झाला असता. पण इथे सुटी दश्शी म्हणजे नुसती पाहुणी, तिला पाणी देऊन निरोप द्यायचा. मात्र जोडी असली तर दश्शीची काय, दुर्रीचीसुद्धा ठेवायची. एकट्या राजापेक्षा दुर्रीची जोडी बरी, कारण तिची पुढे तीन होतात, दोन जोड्या होतात. म्हणजे मघाच्या दोन दश्श्या ठेवल्या ते बरोबरच होतं. हे वाक्य जगन्नाथरावांना फार आवडलं. "ऐकलंस ना लता, म्हणून तर आपलं चाललंय," असं ते पलीकडून मोठ्याने म्हणाले. दुर्री कोण ते मी घरी गेल्यावर विचारणार होते.

त्यानंतर मृणालिनी खरंच नीट खेळायला लागली. सुटी दश्शी आली की तिच्याकडे बघून "सॉरी हं" म्हणायची आणि टाकायची. पेला भरत होता, उतरत होता, बोटं नाण्यांनी काळी झाली होती. दोघांचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं. तो कॅरीला भाड्याच्या घरात राहतो आणि त्याला स्वयंपाकात फक्त वरण आणि वांग्याची भाजी येते. घरचं सगळं त्याने न विचारता सांगून टाकलं, पत्रिका नसल्याचंही. यानेच आपला तक्ता काचेवर छापून आणलाय, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते मनातून झटकून टाकलं. ह्यूस्टनचा एकतीस गुणांचा मुलगा हातात होता. आमच्याकडे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आणि हा तर पळताही नव्हता. नुसता उभा होता, याच्या मनात काय आहे ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

आणि मग ते पत्ते आले.

मृणालिनीने बटण दाबलं आणि पडद्यावर पाचही बदाम. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि तिर्री. तयार फ्लश. काही न करता नुसते पाचही पत्ते ठेवले की तीस नाणी खणखणत खाली. मी उठून उभी राहिले आणि ठेव, ठेव म्हटलं. तिचं बोट तिर्रीच्या बटणावर जाता जाता थांबलं.

"काका, तिर्री टाकली तर?" तिने विचारलं. "बदामची दश्शी आली तर रॉयल होतं ना?"

मला वाटलं, हिला वेड लागलं. जगन्नाथराव उठून आले आणि पडद्याकडे वाकून बघायला लागले. दोन वर्षं प्रवचन देणारा माणूस, पण तयार फ्लश मोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. थिअरीप्रमाणे मोडायचा असतो, एवढं पुटपुटले आणि चष्मा पुसायला लागले. शेजारची निळ्या केसांची म्हातारीही आपला डाव सोडून बघायला लागली. मृणालिनीने मान वळवून हेमचंद्रकडे बघितलं.

त्याने आधी पाच नाणी घातलीत ना, हे विचारून घेतलं. मग पडद्याकडे बघत, घाई न करता म्हणाला, "उरलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांत तुमची दश्शी एकच आहे. ती बहुतेक येणार नाही. पण दुसरा बदाम आला तर फ्लश परत, दुसरी दश्शी आली तर सिक्वेन्स, चित्र किंवा एक्का आला तर जोडी. जवळजवळ निम्मे पत्ते काही ना काही देतात. मी असतो तर मोडला असता. पण हात तुमचा आहे."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तर नाही आलं. डिसिजन तरी बरोबर राहील."

मी मधे पडले. मी सांगितलं की हातातला फ्लश मोडणं म्हणजे शुद्ध खुळेपणा आहे, आणि तो शिकवणारा माणूस भेटून अजून पोहेसुद्धा पचले नाहीत. हेमचंद्र रागावला नाही. उलट, काकूंचं म्हणणंही एका अर्थी रास्त आहे, खात्रीला किंमत असतेच, असं म्हणाला. मृणालिनी माझ्याकडे बघत होती. तिला माझं म्हणणं पत्त्यांपुरतं नाही हे कळलेलं मला स्पष्ट दिसलं. तिने चार पत्त्यांखालची बटणं एकेक करून दाबली, तिर्री सोडून दिली आणि डोळे मिटून शेवटचं बटण दाबलं.

तिर्रीच्या जागी दश्शी आली. लाल.

"मेंढी!" मी ओरडले. मीच ओरडले, खोटं कशाला बोलू. "मेंढी आली!" मृणालिनी खुर्चीवरून उडाली, मी तिला मिठी मारली, जगन्नाथरावांनी हेमचंद्रला मिठी मारली. त्या म्हातारीने मेंढी म्हणजे काय ते विचारलं. हेमचंद्रने तिला इंग्रजीत शीप असं सांगितलं, तर ती नाकावर चष्मा चढवून पडद्यावर मेंढी शोधायला लागली. मेंढी काही दिसत नाही, असं तिने आम्हाला काळजीने कळवलं. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच नीट बघितलं.

दश्शी चौकटची होती.

यंत्राने सिक्वेन्सची वीस नाणी मोजून खाली टाकली आणि थांबलं. फ्लशला मिळाली असती त्यापेक्षा दहा कमी. म्हणजे अडीच डॉलर गेले. मी हेमचंद्रकडे बघितलं. आता हा हातपाय गाळेल, सॉरी सॉरी म्हणेल, नाहीतर नशिबाला शिव्या देईल, अशी माझी अटकळ होती. मुलगी बघायला आलेला मुलगा, आणि तिच्या मावशीसमोर त्याचा सल्ला फसलेला. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता.

"काय जवळून गेली हो," तो म्हणाला. "डिसिजन एकदम बरोबर होतं."

मृणालिनी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वीस नाणी पेल्यात भरताना काळ्या हातांनी डोळे पुसले आणि गालावर काजळासारखा ओघळ आला. हेमचंद्रने खिशातून रुमाल काढून दिला. तो रुमाल परत गेला नाही, हे माझ्या लक्षात आहे.

तो त्याच्या बसने फिलाडेल्फियाला गेला. जाताना त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नमस्कार केला आणि या वेळी कुणी नाणं शोधलं नाही.

आमच्या बसमध्ये जगन्नाथराव बसल्याबरोबर घोरायला लागले. बस हायवेला लागल्यावर मृणालिनी मला म्हणाली, "मावशी, ह्यूस्टनला नाही कळवून टाक."

माझा पारा चढला. मी तिला सगळं सुनावलं. एकतीस गुण, हृदयाचा डॉक्टर, माणसं सोन्यासारखी, वड्यासुद्धा न मोडलेल्या. आणि हा? पत्रिका नाही, घर नाही, आणि मुख्य म्हणजे त्याने हो तरी म्हटलंय का? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी तुला शिकवलं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणसं चांगलीच आहेत गं. पण तूच सांगितलंस ना, शिक्षण सोडलं तरी चालेल म्हणतात. माझ्या मातीचं त्यांना काहीच नकोय. तो तक्त्यावरच छापलेला नंबर आहे, मावशी. मी बसायच्या आधी वाचला."

"आणि याने नाही म्हटलं तर?"

"तर नाही आलं," ती म्हणाली. "डिसिजन तरी बरोबर राहील."

मला वाईट वाटलं आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. मी तिच्या गालावरचा काळा ओघळ पदराने पुसला. वसुधाताईंचं ते शिक्षणाचं वाक्य मी इतक्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि पोरीने त्यातला शब्द न् शब्द वाचला होता.

रविवारी मी सकाळपासून फोनपाशी घुटमळत होते. वसुधाताईंना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. मृणालिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि फोन वाजला की तिची सुरी थांबत होती. सुलेखाचा फोन आला, हॉस्पिटलचा आला, यांच्या ऑफिसातल्या गिरीशचा आला. दुपार कलली. पळता पळाला, असं माझ्या मनात आलं, पण ते बोलून दाखवायला जीभ उचलली नाही. काल याच वाक्याची मी वाट बघत होते आणि आज तेच नको होतं, माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

चहाच्या वेळी हेमचंद्रचा फोन आला. मीच उचलला. त्याने माझी चौकशी केली, काकांची केली, सीगलचीही केली. मग त्याने विचारलं, "काकू, कॅरीहून स्टेट कॉलेजला ड्राइव्ह करायला आठ तास लागतात. मी नकाशा बघून राहिलो होतो. मृणालिनीचं आणखी दोन वर्षांचं काम आहे ना? शुक्रवारी संध्याकाळी निघालं तर महिन्यातून दोन वीकएंड तरी जमतील. तुमची हरकत नसेल तर तिला विचारता का?"

पीएचडी कधी सोडणार, असं नाही. आठ तास. मी फोनवर हात ठेवला. मृणालिनी दारात उभी होती, हातात अर्धी चिरलेली भोपळी मिरची. मी तिला रिसिव्हर दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उरलेली भाजी चिरली. कांदा नव्हता, तरी डोळ्यांना पाणी आलं.

वसुधाताईंना मीच फोन केला. त्या सज्जन बाई, वाईट वाटलं म्हणाल्या आणि वड्यांचा डबा परत पाठवू नका म्हणाल्या. नंतर प्रतापचं लग्न एका दातांच्या डॉक्टर मुलीशी झालं आणि आम्ही जाऊन जेवूनही आलो.

खरी परीक्षा ताईची होती. त्या काळी सांगलीला फोन लावायचा म्हणजे ऑपरेटरला बोलावं लागायचं, आणि लाइन मिळाली की ओरडून बोलावं लागायचं. मी ओरडून सांगितलं की ह्यूस्टन नाही, नागपूरचा मुलगा पक्का. ताईने हातचं सोडून हे काय, असं ओरडून विचारलं. मी मुलगा फार चांगला आहे असं ओरडले. तिने घर विचारलं, पगार विचारला, आणि मग मी ज्याला घाबरत होते तो प्रश्न आलाच.

"गुण किती जुळले?"

जगन्नाथराव शेजारी उभे होते. मृणालिनी जिन्यावर बसून ऐकत होती. पत्रिकाच नाही असं ओरडून सांगितलं असतं तर लाइन तिकडूनच तुटली असती.

"नऊ-सहा," मी ओरडले.

"नऊ आणि सहा? पंधराच? अगं, पास व्हायला अठरा लागतात."

"इकडे निराळं असतं, ताई," मी म्हटलं. "इकडे याहून चांगलं मिळत नाही. आम्ही सगळीकडे फिरून बघितलं."